तुला मीठ हवंय का?

मंगळवार, ५ जून. पोर्ट पिरी, दक्षिण ऑस्ट्रेलिया

तीन आठवड्यांत तोच मूर्खपणा मी दुसऱ्यांदा केला. वय वर्षं अडुसष्ट, त्यातली चौतीस पोस्टाच्या खिडकीमागे गेली, तरी अक्कल यायची आहे.

दुपारी जावयाचा फोन आला. वेड अमेरिकन आहे, मला 'मॅम' म्हणतो. आमच्याकडे मॅम एकतर राणीला म्हणतात, नाहीतर गाडी बाजूला घ्यायला लावणारा पोलीस म्हणतो. "मॅम, युनाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही गाडीनेच येणार ना? माझी आई कॅन्ससहून येतेय. तिला सगळा देश रस्त्यानं बघायचाय. ती पोर्ट पिरीला आली आणि तुमच्याबरोबर पर्थपर्यंत बसली, तर चालेल का?"

मी म्हणाले, "मला काय, ठीक आहे."

या गावातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं, की मला मुळीच चालणार नाही. 'ठीक'च्या आधी मी केवढी थांबले होते! पण वेड म्हणाला, "वा! मॅम, तुमच्यासारख्या तुम्हीच!" आणि फोन ठेवून मोकळा झाला. आता अडीच हजार किलोमीटर विहीणबाई शेजारी.

पहिला मूर्खपणा मी इथे लिहिला नव्हता. आता लिहिते. मे महिन्यात कार्मेलचा फोन आला. "आई, वेडला विचिटाला नोकरी देताहेत. त्याच्या आईच्या गावापासून तासाभरावर. अठरा जूनच्या सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "मला काय वाटायचंय? माझं ठीक आहे. तुम्ही तुमचं बघा."

मग म्हणाली, "बरं." मग आम्ही पाळण्याबद्दल बोललो. माझ्या नवऱ्याने, देसने, कार्मेलसाठी केलेला पाळणा अजून धड आहे, तो युनाला द्यायचा आहे, आणि तो विमानात मावत नाही. म्हणून यंदाही मी गाडीनेच जाते आहे. दुसरं काही कारण नाही.

माझी एकुलती एक मुलगी आणि चार महिन्यांची नात पृथ्वीच्या पाठीमागे राहायला जायची शक्यता आहे, याचा मी शांतपणे विचार करते आहे. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर रोज विचिटाचं हवामान बघते, ते केवळ कुतूहल म्हणून. काल तिथे वावटळीचा इशारा होता. असल्या गावात माणसं राहतात तरी कशी!

शनिवार, ९ जून

आल्या. लव्हॉन टोलेफसन. अॅडलेडच्या बसमधून दोन बॅगा उतरल्या, त्यातल्या एकीत माझं स्वयंपाकघर मावलं असतं. त्यामागून ती उतरली आणि तिने मला मिठी मारली. बसस्टॉपवर, भर दुपारी. देसने मला बसस्टॉपवर कधी मिठी मारली नाही, आणि आमचा संसार एकतीस वर्षांचा. त्याने मला मागणी घातली तीसुद्धा "तू वाईट नाहीस, नोरीन" एवढ्यावर. मी वेडी होऊन हो म्हणाले होते.

दहा मिनिटांत मला तिच्या दिवंगत नवऱ्याचं हृदय, तिचं पित्ताशय आणि तिच्या चर्चमधली भांडणं सगळं कळलं. शेजारच्या मिसेस ड्वायरला कॅन्सर होता, हे मला तिच्या अंत्यविधीत कळलं होतं, आणि आमचं कुंपण एक. याला म्हणतात शालीनता.

सूप पिताना म्हणाली, "कार्मेल आणि बाळ आमच्याकडे आले ना, तर मी जगातली सगळ्यांत सुखी बाई होईन. तुझं काय, नोरीन? तुला कसं वाटतंय?"

"माझं ठीक आहे."

"खरंच?" तिने चमचा खाली ठेवला. "देवाची कृपा गं. तुझ्या जागी मी असते तर वेडी झाले असते."

मी तिला अजून सूप वाढलं. कुणी तोंडावर असं काही बोलतं का?

ती टीव्ही बघत नाही, पण चालू ठेवते. म्हणे, "शेत विकल्यापासून सवय लागलीय. घरात कुणीतरी बोलत असावं." काय ही सवय! मी फक्त रेडिओ लावते आणि बातम्या देणाऱ्याचं व्याकरण सुधारते. ते वेगळं.

सोमवार, ११ जून. सेदुना

निघताना ती तीनदा उजव्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि आत स्टिअरिंग बघून तीनदा दचकली. पाळणा मागे उताणा पडला आहे. त्यात मी थोड्या वस्तू ठेवल्या आहेत.

किम्बा गावानंतर म्हणाली, "आता मी चालवते. कॅन्ससमध्ये आम्ही थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला चौदा तास गाडी चालवत जातो." मी म्हणाले, ठीक आहे. (हा शब्द माझ्या तोंडातून आपोआप पडतो. जिभेला कुलूप घातलं पाहिजे.) आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि काचेवरचे वायपर मधूनच सपासप फिरू लागत. चौथ्या वेळी मी विचारलं, "पाऊस कुठे दिसतोय तुला?"

"कुठेच नाही, हनी. मी डावीकडे वळतेय." त्यांच्याकडे वळायच्या दिव्याची दांडी ज्या बाजूला असते त्या बाजूला आमची वायपरची.

मी हनी नाही. मी मिसेस कलिनेन आहे. हे मी तिला सांगितलं नाही. कुणी सांगतं का असं?

समोरून ट्रक आला. या रस्त्यावर समोरून येणाऱ्यासाठी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. तिला शिकवावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तिचं बोट वर गेलं होतं. "आमच्याकडेही असंच," ती म्हणाली. "दोन बोटं म्हणजे ओळखीचा." मला का कोण जाणे राग आला. ते आमचं होतं.

संध्याकाळी समुद्राजवळ तळलेला मासा घेतला. मासा अळणी होता आणि मीठ तिच्या कोपराशी. मी विचारलं, "लव्हॉन, तुला मीठ हवंय का?"

"नको गं, थँक यू."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा नको. मी सगळा मासा तसाच गिळला. या बाईला कुणी वळण म्हणून लावलेलं नाही.

मंगळवार, १२ जून. नलाबरच्या मैदानावर

कड्यावरून देवमासे बघितले. एक आई आणि तिचं पिल्लू अगदी पायाखाली. पिल्लू आईच्या पाठीवर चढायला बघत होतं आणि सारखं घसरत होतं. लव्हॉन उघडउघड रडली. तिथल्या अनोळखी जर्मन जोडप्याला तिने सांगितलं, "आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. माझी नात इथे पर्थला आहे." ते बिचारे मान हलवत राहिले.

"नोरीन! काहीतरी बोल ना!"

"वाईट नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच समुद्रातून वर आले आहे.

मुक्कामाच्या ढाब्यावर मर्व्ह होता. पेट्रोल, खोल्या, स्वयंपाक सगळं त्याच्याकडे. बारा वर्षांची ओळख. आत शिरताच ओरडला, "अजून मेली नाहीस का गं, म्हातारे?"

"तुझ्या हातचं खाऊनसुद्धा नाही," मी म्हणाले. "तुझं पोट बघून वाटलं, गिऱ्हाइकांना तूच खातोस."

"आणि ही कोण? तुझी पालक?"

मला बरं वाटलं. देस गेल्यावर दर वर्षी या माणसाने माझी खोली राखून ठेवली, हीटर आधीच लावून. मी हात धुऊन आले तर लव्हॉन त्याच्यासमोर उभी. कमरेवर हात. "साहेब, या विधवा बाई आहेत. सुशिक्षित आहेत. तुम्ही त्यांची माफी मागावी."

मर्व्हने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मर्व्ह म्हणाला, "माफ करा, मिसेस कलिनेन." बारा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा मिसेस म्हटलं. मला भर सभेत कुणीतरी अंगावरचं काढून घेतल्यासारखं झालं. वर जेवणही त्याने नीट वाढलं, एकही टोमणा न मारता. फार वाईट जेवण झालं.

बुधवार, १३ जून. सीमेच्या पलीकडे

आजचा दिवस लिहू नये असा आहे. म्हणून लिहिते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या, मध काही न्यायचं नसतं. कीड जाऊ नये म्हणून सीमेवर गाडी तपासतात. हे मला पाठ आहे. मी दर वर्षी तिथल्या मुलीला हसून "काही नाही गं" म्हणते. यंदा पाळण्यात रजईखाली माझ्या झाडाची मँडरिन संत्री होती. कार्मेलला लहानपणापासून तीच लागतात. विचिटात मिळतील का, कुणी सांगावं?

तपासणाऱ्या बाईने विचारलं, "फळं वगैरे?"

मी म्हणाले, "छे."

लव्हॉन पुढे वाकून म्हणाली, "आहेत ना! पाळण्यात रजईखाली पिशवी आहे. नोरीन, विसरलीस का गं?"

तिला खरंच वाटलं की मी विसरले. त्या चेहऱ्यावर कपट शोधलं, सापडलं नाही. त्यामुळे जास्तच संताप आला.

बाई म्हणाली, "इथे टाकून द्या, नाहीतर इथेच खा." माझ्या झाडाची फळं कचऱ्यात? मी त्या पिंपाशेजारी उभी राहिले आणि नऊ संत्री खाल्ली. लव्हॉनने चार खाल्ली, प्रत्येक संत्र्याला "अहाहा" म्हणत. मागे गाड्यांची रांग. शेवटची दोन मी निव्वळ तत्त्वासाठी खाल्ली.

तत्त्वाचं फळ पुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये मिळालं. या मैदानाला नलाबर म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये 'झाड नाही'. आम्हाला शाळेत लॅटिन होतं, पण त्याचा संपूर्ण अर्थ मला आज, आडोसा शोधताना समजला. लव्हॉनने माझ्यासमोर पाठ करून कोट पसरून धरला आणि मोठ्याने चर्चमधली गाणी म्हटली. "तुला संकोच वाटू नये म्हणून," म्हणाली. तीन वेळा.

मी तिचे नीट आभार मानले. प्रत्येक वेळी.

गुरुवार, १४ जून. नॉर्समन

आजचं अक्षर बघून कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अॅलकॉकने पट्टी मारली असती.

कायगुनापासून रस्ता एकशे सेहेचाळीस किलोमीटर सरळ आहे. एकही वळण नाही. म्हणून मीच गाडी तिच्या हाती दिली. निदान वायपर तरी फिरणार नाहीत. वीसेक किलोमीटर गेल्यावर म्हणाली, "नोरीन, एक सरळ विचारू? तुला माझा राग येतो ना?"

"काहीतरीच. तू फार चांगली आहेस."

"बघ! त्या मर्व्हला तू काय काय बोललीस. मला आधी कळलं नाही. मग काल त्याने माझ्यासमोर तुझ्या टायरमधली हवा तपासली, काच पुसली. तो तुझा लाडका आहे. त्याला शिव्या. आणि मला चार दिवस नुसतं प्लीज आणि थँक यू. काल मी मोजले. एकवीस."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नसतं तिथे.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. "मला तिघंही माझ्याकडे हवीत. मी दर रविवारी फोनवर कार्मेलला तेच सांगते. रडतेसुद्धा. पण तू 'ठीक आहे' म्हणालीस, त्यानंतर ती दोन दिवस रडत होती म्हणे. वेडने सांगितलं."

"कार्मेल? ती कशाला रडेल? तिला माझं म्हणणं कळलं असणार. ती इथलीच आहे."

"काय कळलं असणार?"

"की मला चालणार नाही."

"तू म्हणालीस काय? 'ठीक आहे.' आणि तिने वेडला काय सांगितलं माहितेय? 'आईला काही फरक पडत नाही.'"

पुढचे बारा किलोमीटर मी रस्त्याकडेचे खांब मोजले.

मग, का ते ठाऊक नाही, मी तिला मिठाचं सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवताना काही मागायचं नाही, हा नियम होता. 'मला हवं' असं म्हणणं म्हणजे हावरटपणा. मीठ हवं असेल तर शेजारणीला विचारायचं, "तुला मीठ हवंय का?" मग तिने ओळखायचं आणि म्हणायचं, "मला नको, तुला?" आणि मग घ्यायचं.

"आणि तिने ओळखलंच नाही तर?"

"अळणी खायचं."

"किती वर्षं होतीस तिथे?"

"अकरा."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. माझ्याकडे वळली. "सेदुनाचा मासा!"

"हो."

"दोनदा विचारलंस!"

"हो."

"अगं माझ्या बाई, मीठ माझ्या कोपराशी होतं!" ती इतकी हसली की स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि भोंगा वाजला. मैलोन् मैल ऐकायला कुणी नाही आणि भोंगा वाजतोय. मग ती एकदम थांबली. डोळे पुसले. "म्हणजे कार्मेलला तू विचिटा वाढलंस. तिने 'मला नको' म्हणावं म्हणून."

कुणी इतक्या वर्षांत माझं पत्र असं उघडून वाचलं नव्हतं. पोस्टात तो गुन्हा आहे.

"ऐक," लव्हॉन म्हणाली. "मला ती हवीत. फार हवीत. माझ्या घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नाही. पण तू तोंड मिटून बसणार आणि मी जिंकणार, हे मला नको. तू बोल. तुला हवीत असं बोल. मग त्यांनी ठरवू दे."

"मी बोलले तर तू हरशील."

"मग हरेन. मी काही मरत नाही."

"तुला काही कळत नाही," मी म्हणाले. "गाडी चालव, बावळट बाई. इथे थांबायची परवानगी नाही."

ती गाडी चालू करत हसली. "चार दिवसांत पहिल्यांदा!" म्हणाली, जणू मी तिला पदक दिलं. मी काय विशेष बोलले ते मला कळलं नाही. ती खरंच बावळट आहे.

शुक्रवार, १५ जून. पर्थ

सकाळी नॉर्समनहून कार्मेलला फोन लावला. बोलायचं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. तारेच्या हिशेबाने काटछाट केली. पोस्टात मी लोकांची वाक्यं छाटून देत असे, 'प्रेम' हा शब्द बहुतेक जण स्वतःच खोडत. माझ्या कागदावर उरलं: जाऊ नकोस. दोन शब्द. कुणालाही वाचता येतील.

"कार्मेल, मी बोलतेय."

"आई? सगळं बरं ना?"

"हो. जरा बोलायचं होतं."

"बोल ना."

लव्हॉन गाडीला टेकून उभी होती आणि दोन्ही हातांनी मला पुढे ढकलत होती, दहा फुटांवरून.

"पाळण्याच्या गादीचं माप घेतलंस का?"

"घेतलं, आई. मागच्याच आठवड्यात तुला कळवलं."

"हो का. इथे गार आहे हं."

"बरं. तू ठीक आहेस ना?"

"ठीक."

लव्हॉनने बॉनेटवर थाप मारली. दीडशे किलोमीटर ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटत होतं मला हेच हवं होतं. पण गाडीत इतकी शांतता झाली की कूलगार्डीच्या अलीकडे मी स्वतःहून तिला तिच्या पित्ताशयाबद्दल विचारलं.

संध्याकाळी पोहोचलो. कार्मेल दारात आली. वाळली आहे. लव्हॉन तिच्या गळ्यात पडली. मी म्हणाले, "रस्ता वाईट नव्हता." मग युनाला माझ्या हातात दिलं आणि मी कोट न काढताच बसले.

रविवार, १७ जून

बाप्तिस्मा झाला. युना पाणी पडताच फादरवर ओरडली. योग्य तेच केलं.

जेवणाआधी कार्मेल स्वयंपाकघरात गाजरं किसत होती. मी कोशिंबिरीची काकडी चिरत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वेड उद्या सकाळी त्यांना कळवणार."

"हं."

"आम्ही जायचं ठरवलंय, बहुतेक. तुला तर ठीकच आहे."

सुरी थांबली. बाहेरच्या खोलीत लव्हॉन फादरना तिच्या शेताबद्दल सांगत होती, तिचा आवाज येत होता. तेवढ्यात तिचा आवाजही थांबला. ऐकत असणार. असल्या बायका दाराआडून ऐकतात.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"ठीक नाही. मी खोटं बोलले. जाऊ नकोस."

कार्मेलच्या हातातली किसणी तशीच राहिली. चौतीस वर्षांची बाई, पण चेहरा अगदी पहिलीत शाळेच्या फाटकाशी सोडलं तेव्हासारखा. "परत बोल," म्हणाली.

"एकदा बोलले ना."

"परत बोल, आई. मला वाटलं, तुला सुटल्यासारखं वाटेल. मला वाटलं, माझं ओझंच होतं."

"मूर्ख आहेस तू," मी म्हणाले, आणि मग ते पुरेसं नाही हे माझं मलाच कळलं. "मला तू इथे हवी आहेस. युना हवी आहे. वेडही हवा, त्याच्या मॅमसकट. आता काकडी बघ, मी बोट कापलंय."

खरंच कापलं होतं. पण तिने मला सोडलं नाही. पट्टी बांधली आणि त्याच हाताला धरून बाहेर नेलं. "आता सगळ्यांसमोर," म्हणाली. कॉन्व्हेंटमध्येसुद्धा अशी शिक्षा नव्हती. मी टेबलाशी उभी राहून, वेडकडे बघून, पुन्हा म्हटलं. शब्दाला शब्द. फादर बटाटे वाढून घेत राहिले, मग त्यांच्याही हातातला डाव थांबला.

वेडचं तोंड उघडं. "पण मॅम, तुम्ही तर ठीक आहे म्हणाला होतात!"

"हो. ते ऐकून घ्यायचं नसतं."

"मग आम्ही काय ऐकायचं?"

त्या मुलाचं चुकलं नव्हतं.

मग लव्हॉन उठली. "आता माझंही ऐका. मलाही तुम्ही हवे आहात. कार्मेल, तू हवीस. बाळ हवं. मी दर रविवारी बोलते, पण आज नोरीनसमोर बोलते. झालं. आता दोघी सारख्या." आणि खाली बसून माझ्याकडे मिठाची बाटली सरकवली. कुणाला काही कळलं नाही. मी बटाट्यावर मीठ घातलं, गरज नसताना.

सोमवार, १८ जून

सकाळी सात वाजता वेडने विचिटाच्या साहेबाला घरी फोन केला, तिकडे अजून रविवारची संध्याकाळ होती. मी बाथरूममध्ये होते, नळ बंद ठेवून. तो म्हणाला, आभारी आहे, पण आम्ही इथेच राहायचं ठरवलंय.

कार्मेलने चहा आणून दिला. "राहतोय आम्ही."

"बरं," मी म्हणाले. ती वळली. मी तिच्या पाठीला म्हणाले, "मला फार आनंद झालाय." पाठीला बोलणं सोपं जातं. खांदे मात्र हलले.

मी जिंकले आहे. हे वाक्य लिहिलं की कसं वाटेल याची मी महिनाभर कल्पना केली होती. लिहिल्यावर तसं काही वाटलं नाही, कारण खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं आणि अंगणात लव्हॉन पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"मी हरले," ती म्हणाली. "मला फार दुःख झालंय. आता मी वीस मिनिटं रडणार आहे. मला थांबवू नकोस आणि ठीक आहे म्हणू नकोस."

मी तसं काही म्हटलं नाही. शेजारी बसले. ती रडली. मी घड्याळ बघितलं, तेवीस मिनिटं लागली. मधे एकदा माझा हात तिच्या पाठीवर गेला. कसा गेला, सांगता येत नाही. तो तिथे काय करतो आहे हे मला कळत नव्हतं, पण काढायलाही जमेना.

"परत जाऊन काय करू गं मी?" ती म्हणाली. "बुधवारी चर्चची मीटिंग. गुरुवारी वाणसामान. मग पुढचा बुधवार."

मला एकदम माझे बुधवार आठवले. वाचनालय आणि विचिटाचं हवामान. आता तेही बघायचं कारण उरलं नाही.

"तुझा व्हिसा किती दिवसांचा आहे?" मी विचारलं.

"तीन महिने. का?"

मी कुंपणाकडे बघितलं. मग सिस्टर अॅलकॉकची मनोमन क्षमा मागितली आणि तिच्याकडे बघून बोलले. "माझ्याबरोबर पोर्ट पिरीला चल. मला सोबत हवी आहे."

आमच्याकडे असं विचारलं, की समोरचा म्हणतो, बघू, कळवते, तुला त्रास नको. मग तीनदा आग्रह करायचा, आणि तिसऱ्या आग्रहात माणूस स्वतःच ठरवतो की आपल्याला खरंच हवंय का. मला तेवढा वेळ मिळेल अशी माझी कल्पना होती.

"हो," लव्हॉन म्हणाली. "कधी निघायचं?"

तर असं आहे. गुरुवारी निघतो आहोत. ती बॅग भरायला गेलीसुद्धा, आत गाणं म्हणते आहे, आणि कार्मेल दारात उभी राहून माझ्याकडे बघून हसते आहे. मला काय हसण्यासारखं झालं ते समजलं नाही.

पोर्ट पिरीच्या घरात उशी एकच आहे, मागे दोन रात्री ती तिला दिली आणि मी टॉवेलची घडी घेतली. निघायच्या आधी दुकानात जायला हवं. तिला कुठली लागते ते मी आत जाऊन सरळ विचारलं. मऊ लागते म्हणाली.